हँडलबार वाकला की पोस्ट पिळले? डर्ट बाइकच्या हँडलबार आणि माउंटची निवड

बाइक डाव्या अंगावर आपटली, उचलून बसलात, चाक सरळ पुढे आणि हँडलबार मात्र किंचित उजवीकडे वळलेला. पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: हँडलबार गेला, नवा आणायचा. बऱ्याचदा पाइप अगदी सरळ असतो. पिळलेले असतात ते त्याला धरणारे खालचे दोन पोस्ट, म्हणजे छोटे खांब, किंवा ट्रिपल क्लॅम्पमध्ये (फोर्कच्या नळ्या धरून ठेवणाऱ्या ठोकळ्यांत) फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, दोन नळ्या एकमेकींच्या पुढे-मागे सरकलेल्या असतात.

म्हणून मजबूत हँडलबार शोधायला निघण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवावी लागते. हातापासून ट्रिपल क्लॅम्पपर्यंत ही एक साखळी आहे: ग्रिप, पाइप, वरचा क्लॅम्प, पोस्ट, पोस्टचा बोल्ट, रबर आणि मग ट्रिपल क्लॅम्प. पडल्यावर यातलं काहीतरी हलणार किंवा वाकणारच. प्रश्न एवढाच की कुठलं. पाइप लोखंडासारखा टणक केला आणि खाली बारीक बोल्ट तसेच ठेवले, तर वाकायची पाळी बोल्टवर येते. आणि सगळंच न वाकणारं केलं, तर हिशेब ट्रिपल क्लॅम्पच्या भोकापर्यंत पोचतो. तिथलं नुकसान हँडलबारपेक्षा कितीतरी महागात पडतं.

आधी तपास कसा करायचा ते. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडलबार हलवून बघा. चाक आणि फोर्कच्या नळ्या एका रेषेत नसतील तर अ‍ॅक्सलला (चाकाच्या आसाला) चिमटून धरणारे पिंच बोल्ट आणि दोन्ही ट्रिपल क्लॅम्पचे बोल्ट सैल करून, फोर्क दोन-तीनदा दाबून सोडा, सरळ करा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे पुन्हा आवळा. ते ठीक असेल तर हँडलबार काढा आणि त्याच जाडीचा एक सरळ दांडा दोन्ही पोस्टच्या खोबणींत आडवा ठेवा. दांडा दोन्हीकडे पूर्ण लांबीला टेकला तर पोस्ट सरळ. एका खोबणीत फक्त कडेवर टेकत असेल तर पोस्ट पिळलाय. राहिला पाइप. तो सपाट फरशीवर आडवा टाका, दोन्ही टोकं आणि मधला भाग टेकतील असा. डगमगला तर वाकलाय.

जाडी, मिश्रधातू आणि थोडं गणित

डर्ट बाइकच्या हँडलबारमध्ये दोन मापं चालतात. जुनं माप 22.2 मिलिमीटर, म्हणजे 7/8 इंच, टोकापासून टोकापर्यंत एकच जाडी आणि मध्ये आडवा क्रॉसबार. दुसरं माप 28.6 मिलिमीटर, म्हणजे 1 1/8 इंच. हा क्लॅम्पपाशी जाड असतो, ग्रिपकडे निमुळता होत जातो आणि टोकाला पुन्हा 22.2 वरच येतो, कारण लिव्हर, स्विच आणि थ्रॉटल सगळे त्याच मापाचे. रेंथल कंपनीच्या फॅटबारवरून या प्रकाराला सगळेच सर्रास फॅटबार म्हणतात.

फरक किती पडतो हे हातानेच काढता येतं. 22.2 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा साधा पोलादी पाइप घ्या. पोलादाची वाकण्याची मर्यादा 250 मेगापास्कल धरली, तर क्लॅम्पपाशी सुमारे 147 न्यूटन-मीटरला तो कायमचा वाकायला लागतो. क्लॅम्पच्या कडेपासून ग्रिपचं टोक साधारण 35 सेंटिमीटर दूर असतं. म्हणजे टोकावर सुमारे 43 किलोचा भार पुरेसा. क्रॉसबार त्यात मदत करतो, पण पडताना बसणारा झटका शांतपणे ठेवलेल्या वजनापेक्षा खूप मोठा असतो. मूळ पोलादी हँडलबार पहिल्याच मोठ्या पडझडीत का वाकतो याचं उत्तर इथे आहे.

आता 28.6 मिलिमीटरचा, 4 मिलिमीटर भिंतीचा, 2014-टी6 अ‍ॅल्युमिनियमचा पाइप (2014 हा मिश्रधातूचा क्रमांक, टी6 ही त्यावरची उष्णता-प्रक्रिया). याची मर्यादा सुमारे 414 मेगापास्कल. गणित जातं 695 न्यूटन-मीटरवर, म्हणजे जवळजवळ पावणेपाच पट. क्लॅम्पपाशी तो सहसा वाकत नाही. पण याच पाइपचा 22.2 मिलिमीटरचा भाग, तीच 4 मिलिमीटर भिंत धरून, 370 न्यूटन-मीटरलाच हात टेकतो. निमुळता भाग टोकापासून 23 सेंटिमीटरवर संपत असेल, तर टोकावर 200 किलो झेलू शकणारा पाइप तिथे 164 किलोलाच वाकेल. म्हणून फॅटबार वाकले की ते मध्ये वाकत नाहीत, क्लच किंवा ब्रेक लिव्हरच्या जरा आतल्या बाजूला वाकतात. कंपन्या भिंतीची जाडी आतून ठिकठिकाणी बदलतात, तेव्हा हे आकडे ढोबळ आहेत. पण कमजोर जागा कुठे सरकते हे त्यावरून कळतं.

मिश्रधातूंची क्रमवारी सरळ आहे. 6061-टी6 सुमारे 276 मेगापास्कल, 2014-टी6 सुमारे 414, 7075-टी6 सुमारे 503. पाकिटावर नुसतं 'एअरक्राफ्ट अ‍ॅल्युमिनियम' लिहिलं असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही, 6061 सुद्धा विमानात वापरतात. धातूचा आकडा आणि टी6 छापलेलं नसेल, तर तो पाइप बाजूला ठेवावा हे माझं स्पष्ट मत.

इथे एक गल्लत नेहमी होते. मजबुती आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅल्युमिनियमचे हे तिन्ही मिश्रधातू ताठपणात जवळजवळ सारखेच, 70 गिगापास्कलच्या आसपास. 7075 घेतला म्हणून हँडलबार हाताला जास्त कडक लागणार नाही, तो फक्त उशिरा वाकेल. हाताला कडक लागतो तो जाडीमुळे, भिंतीमुळे आणि क्रॉसबारमुळे. मनगटं आणि दंड लवकर भरून येत असतील तर क्रॉसबार नसलेला 28.6 घ्यावा, त्याला जरा लवचीकपणा असतो. मोठ्या उड्या मारणाऱ्याला, वजनदार बाइकवाल्याला क्रॉसबारचा 28.6 बरा. रेंथलचा ट्विनवॉल हा त्यातला टोकाचा प्रकार: एका नळीत दुसरी नळी आणि वर क्रॉसबार. तो वाकवायला बरंच काही करावं लागतं, पण खडकाळ वाटेवर दिवसभर तो तळहातांची परीक्षा घेतो.

भिंतीची जाडी विकत घेण्याआधी मोजता येते. टोकाच्या भोकात व्हर्नियर घाला. 22.2 मधून आतला व्यास वजा करा आणि दोनने भागा. आतला व्यास 14 च्या आसपास असेल तर भिंत 4 मिलिमीटर. 18 च्या आसपास निघाला तर 2 मिलिमीटर, म्हणजे पोलादी पाइपाची जाडी. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपात हा आकडा दिसला तर तो ब्रँडची नुसती नक्कल आहे. बाहेरून रंग, खुणा, स्पंज पॅड सगळं जसंच्या तसं असतं. वजनावरही शंका घ्या: एकाच मापाच्या दोन पाइपांत एक लक्षणीय हलका असेल तर धातू कुठेतरी कमी केलेला आहे.

आकार

यावर लोक आठवडे घालवतात, मी थोडक्यात सांगतो. चार मापं बघायची: रुंदी, उंची, मागे येणं, आणि क्लॅम्पच्या जागेची लांबी. मोटोक्रॉसच्या पाइपांत रुंदी साधारण 800 ते 810 मिलिमीटर, उंची 80 ते 115, आणि टोकं मागे येण्याचं माप 50 ते 60 च्या घरात. सध्याच्या हँडलबारचे हे आकडे काढा आणि नव्यात एका वेळी एकच माप बदला. सगळी एकदम बदलली तर काय चांगलं झालं आणि काय बिघडलं ते कळणार नाही.

बसून ठरवू नका. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं राहा, गुडघे थोडे वाकवा, कोपरं बाहेर आणि वर. पाठ वाकवावी लागत असेल तर उंची कमी पडतेय. हात जवळजवळ सरळ होत असतील तर पाइप पुढे आहे.

रुंदी कापता येते, जोडता येत नाही. झाडांच्या अरुंद वाटेसाठी कापायचा असेल तर आधी सगळे लिव्हर आणि स्विच लावून जागा उरते का बघा, मग दोन्ही बाजूंनी 5 मिलिमीटर. आणखी कापावंसं वाटलं तर आणखी 5. पाइपाभोवती होज क्लिप आवळून तिच्या कडेने हॅकसॉ चालवला की काप सरळ येतो. आतली धार कानशीने मारून घ्या, नाहीतर पुढे हँडगार्डची खुंटी आत जाणार नाही. क्लॅम्पच्या जागेची लांबी मात्र विसरू नका: क्रॉसबार असलेल्या पाइपात वाकणं आणि क्रॉसबारचे जोड मध्येच सुरू होतात, आणि रुंद क्लॅम्प किंवा मीटरचा ब्रॅकेट तिथे बसत नाही.

माउंट, जिथे खरी गोम आहे

बहुतेक बाइकवर वरच्या ट्रिपल क्लॅम्पमध्ये दोन भोकं, त्यात रबराच्या शंकू बुशा, त्यांवर दोन पोस्ट आणि खालून बोल्ट. पोस्टच्या खोबणीत हँडलबार, वर दोन सुटी झाकणं आणि चार एम8 (8 मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट. पडल्यावर एका बाजूने धक्का बसतो तेव्हा हे दोन पोस्ट स्वतंत्रपणे फिरतात, म्हणून हँडलबार तिरका दिसतो. यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दोन सुट्या झाकणांऐवजी एकच सलग वरचा क्लॅम्प. दोन्ही पोस्ट वरून बांधले गेले की त्यांना एकटं फिरता येत नाही. नव्या हँडलबारचा आणि याचा खर्च यांत निवडायचं असेल, तर पोस्ट वारंवार फिरणाऱ्याने आधी हेच घ्यावं.

दुसरा कमजोर दुवा पोस्टचा बोल्ट. एम10 बोल्ट वाकतात, हे सगळ्या मेकॅनिकना माहीत असतं. एम12 केला तर वाकण्याला विरोध सुमारे पावणेदोन पट होतो, कारण तो व्यासाच्या घनावर वाढतो. पण त्यासाठी त्याच मापाच्या बुशा आणि पोस्टही लागतात. फक्त भोक मोठं करून जाड बोल्ट घालणं म्हणजे पोस्टच्या मुळाशी धातू कमी करणं.

आणि मग रायझर, म्हणजे पोस्टखाली घालायचा उंची वाढवणारा तुकडा. उंच माणसाला 10 ते 30 मिलिमीटर उंची हवी असते, ते समजण्यासारखं आहे. पण 40 मिलिमीटरच्या पोस्टखाली 20 चा रायझर सरकवला की बोल्टच्या मुळाशी येणारा वाकवणारा जोर थेट दीडपट होतो. रचलेल्या चकत्यांचा, लांब बोल्टचा रायझर सर्वांत वाईट, कारण प्रत्येक सांधा हलतो. उंची हवीच असेल तर उंच हँडलबार घ्या. तरीही कमी पडलं तर एकसंध उंच पोस्ट. चकत्यांचा ढीग शेवटी.

रबर काढून भरीव माउंट टाकावे का? चाकाची दिशा हाताला जास्त स्वच्छ कळते, पोस्ट कमी फिरतात, हे खरं. पण प्रत्येक दगड हातात येतो आणि धक्का ट्रिपल क्लॅम्पपर्यंत सरळ जातो. दगडधोंड्यांत फिरणाऱ्याने रबरच ठेवावं. ते जुनं झालं असेल, कडेला चिरा पडल्या असतील, हँडलबार वर-खाली हलवल्यावर पोस्ट बुशीत डोलत असेल, तर नवं टाकावं. पॉलियुरेथेनच्या बुशा मधला मार्ग आहेत: रबरापेक्षा कडक, भरीवपेक्षा मऊ.

22.2 वरून 28.6 वर जाताना क्लॅम्पही बदलावा लागतो. जुन्या खोबणीत कानस मारून जाड पाइप बसवण्याचा विचार डोक्यातून काढा. उलट दिशेला, मोठ्या क्लॅम्पमध्ये पत्रा गुंडाळून बारीक पाइप आवळणं रस्त्यावर एकवेळ चालेल, मातीत तो पहिल्याच उडीला फिरेल. आणि 28 मिलिमीटर म्हणून विकला जाणारा पाइप व्हर्नियरने मोजूनच घ्या. 28.6 च्या खोबणीत 28.0 चा पाइप कितीही आवळला तरी नीट धरत नाही, उलट आवळण्याच्या नादात आटे जातात.

पोस्ट पुढे-मागे करण्याची सोय बऱ्याच बाइकवर असते, ती आधी वापरून बघा. केटीएमच्या एंड्युरो आणि मोटोक्रॉस बाइकवर भोकांच्या दोन जोड्या 15 मिलिमीटर अंतरावर असतात आणि पोस्टचं भोक मध्यापासून 3.5 मिलिमीटर बाजूला असतं. पोस्ट उलटा फिरवला की चार वेगवेगळ्या जागा मिळतात. नवीन काही विकत न घेता दंड भरून येण्याची तक्रार इथेच मिटू शकते.

बसवताना

खोबणी आणि पाइपाचा खरबरीत भाग ब्रेक क्लीनरने कोरडा पुसा. ग्रीस, तेल, धूळ काही नको. क्लॅम्पच्या कडा बोटाने चाचपा. एखादी कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या, कारण ती अ‍ॅल्युमिनियममध्ये खाच पाडते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पाइप ठेवा, मधल्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या दिसू द्या. सुरुवातीला पाइपाचा वर चढणारा भाग फोर्कच्या कोनाशी समांतर ठेवा. फार मागे झुकवला तर कोपरं खाली पडतात आणि वळताना गुडघ्यांना अडतो. फार पुढे झुकवला तर मनगटं वाकून राहतात.

पोस्टचे खालचे बोल्ट आधी. केटीएमच्या मॅन्युअलमध्ये एम10 ला 40 न्यूटन-मीटर आणि लॉकटाइट 243 (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) सांगितलंय. वरचे एम8 बोल्ट 20 न्यूटन-मीटर. इतर बाइकवर आकडा थोडा वेगळा असतो, आपल्या मॅन्युअलचाच पाळा. टॉर्क रेंच नसेल तर उसना आणा. लांब पान्याने 'जरा जास्तच घट्ट' केलेला एम8 अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टमधले आटे घेऊन बाहेर येतो.

झाकणावर ठिपका किंवा बाण असेल तर ती बाजू पुढे. अशा झाकणांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे, मग मागचे, म्हणजे फट फक्त मागे राहते. खूण नसेल आणि मॅन्युअलही वेगळं सांगत नसेल, तर आलटूनपालटून थोडे थोडे आवळत पुढची-मागची फट सारखी ठेवा. चारही बाजूंची फट मिटली असेल तर क्लॅम्प पाइपाला धरतच नाहीये, तो फक्त पोस्टवर बसलाय. माप चुकलंय.

लिव्हरच्या क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट इतकाच आवळा की जोराने मारल्यावर लिव्हर फिरेल. पडताना तो फिरला तर वाचतो, घट्ट असला तर तुटतो.

मग इंजिन चालू करून हँडलबार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम वाढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. उंची वाढवली असेल तर क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा होज दोन्हीकडच्या शेवटच्या वळणावर, फोर्क पूर्ण उघडलेला असताना तपासा. बाइक स्टँडवर, चाक हवेत असलं की ते दिसतं. टाकी आणि हँडलबारमध्ये अंगठा चिरडत नाही ना, तेही बघा.

हँडगार्ड

सलग अ‍ॅल्युमिनियमचे गार्ड हात आणि लिव्हर वाचवतात, पण धक्का थेट पाइपाच्या टोकात घालतात. म्हणून पातळ पाइपावर ते लावू नयेत. टोकातली फुगणारी खुंटी आतल्या व्यासाप्रमाणे घ्या, 14 ची की 18 ची. चुकीची घातली तर ती फिरत राहते आणि पहिल्या आपटण्यात गार्ड मागे सरकून लिव्हरवर येतो. आतला ब्रॅकेट ब्रेक होजला किंवा केबलला चेपत नाही हे पाहून मगच आवळा.

थ्रॉटलच्या बाजूला ग्रिपचं बंद टोक कापावं लागतं आणि गार्डपासून 1 ते 2 मिलिमीटर फट ठेवावी लागते. ती नसेल तर थ्रॉटल उघडून सोडल्यावर परत येत नाही. ग्रिप चिखलाने भरल्यावर हे आणखी वाईट होतं, म्हणून हाताने उघडून सोडून दहा वेळा खात्री करा: टक् असा आवाज करत तो आपणहून मिटला पाहिजे.

कधी टाकून द्यायचा

वाकलेला अ‍ॅल्युमिनियमचा हँडलबार सरळ करू नका. पोलादी असेल तर घरी पोचण्यापुरता चालेल, अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यासाठीही नाही. सरळ केलेल्या जागी धातू आधीच थकलेला असतो, पुढच्या वेळी तो वाकत नाही, तुटतो. आणि तुटतो तो बहुधा उडीनंतर टेकताना, सगळं वजन हातांवर असताना.

न वाकलेलाही कायमचा नसतो. अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची खालची मर्यादा नसते, छोटे धक्केही साठत जातात. वर्षातून एकदा क्लॅम्प उघडून खरबरीत भागाच्या कडेला, क्रॉसबारच्या जोडाखाली आणि लिव्हरच्या आतल्या बाजूला नख फिरवा. नख अडकेल अशी खाच, रंगातली केसासारखी रेघ, किंवा क्लॅम्पच्या कडेने गोल उमटलेला काळा पट्टा दिसला, तर पाइप भंगारात जातो, दुसऱ्या बाइकवर नाही.

नवीन बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. रबर बसतं, रंग दबतो, आणि पहिल्या तासाभरातच वरचे एम8 थोडे सैल होतात.